पात्याशिवाय वारा

पातं नाही, मोटर नाही, तरी वारा! फ्रान्सिस हॉक्सबीने १७०९ मध्येच विद्युतभारित नळीजवळ अशी झुळूक नोंदवली होती. बारीक तारेला काही हजार व्होल्ट दिले की तिच्याजवळच्या हवेत आयन तयार होतात. ते समोरच्या इलेक्ट्रोडकडे धावताना बाकीच्या हवेलाही ढकलत नेतात. झाला वारा, तोही जवळजवळ बिनआवाजाचा! २००७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सुरेश गरिमेल्ला आणि सहकाऱ्यांनी याच वाऱ्याने चिपची प्रतिकृती थंड करून दाखवली.

मला लगेच काका आठवले. बेलापुरात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. एप्रिलमध्ये पंखा धुळीने चोंदतो, कॉम्प्युटर भर दुपारी बंद पडतो आणि स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आलेली पोरं ताटकळतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पण धुळीचं काय?"

काका अगदी मुद्द्यावर आले! बॉयलरच्या धुरातली राख पकडायला जे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर बसवतात, त्यांतही हाच कोरोना डिस्चार्ज असतो. म्हणजे बेलापुरात हे यंत्र आधी धूळ गोळा करणार, मग जमलं तर वारा देणार... वर ओझोनही तयार होतो. दहा बाय दहाच्या दुकानात तो जाणार कुठे?

तार आपोआप साफ करता आली तर? माझ्या मते फायनल इयरचा खरा प्रोजेक्ट तिथेच आहे. तोपर्यंत काकांचा जुना टूथब्रश आहेच.