ल्युकेमियाचं संशोधन आणि परभणी

चि. छोटी हिस,


परभणीत राहून ल्युकेमियावर संशोधन होत नाही, त्यासाठी मुंबई नाहीतर अमेरिका गाठावी लागते, असं तू लिहिलंस. मला हे निम्मंच पटतं. ज्यांचं नाव तू घेतलंस त्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणींचीच कारकीर्द नीट बघ. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस. अपंगत्वाकडे बोट दाखवून मेडिकलचा प्रवेश आधी नाकारला गेला, तो त्यांनी पाठपुरावा करून मिळवला. पुढे सिएटलला डॉनल थॉमस यांच्याकडे अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकले आणि १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं प्रत्यारोपण त्यांनी केलं. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. माझ्या मते त्यांचं मोठं काम दुसरंच आहे, आणि त्याचं नावही रुक्ष आहे: एमसीपी-८४१.

सत्तरच्या दशकात लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली आपल्याकडची फार थोडी मुलं वाचत. अमेरिकेतल्या इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने १९८४ पासून मुंबईत, आणि पुढे दिल्लीचं एम्स व चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट इथेही, उपचाराचा एकच ठरलेला क्रम लावला गेला; तोच एमसीपी-८४१. औषधं नवी नव्हती. प्रेडनिसोलोन, व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट ही जगाला ठाऊक असलेलीच. कोणतं, कधी, किती द्यायचं, हे मात्र बांधून घेतलं आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवली. जोडीला जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव सांभाळण्याची व्यवस्था सुधारली. चार वर्षं आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आतून ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. एकही नवा रेणू न शोधता!

तू म्हणशील, ही तर शिस्त झाली, संशोधन कुठे? पण त्या नोंदींतूनच आपल्या रुग्णांची वेगळी ओळख पटली. पाश्चात्त्य मुलांपेक्षा आपल्याकडची मुलं आजार जास्त पसरल्यावर येतात, टी-पेशींचा प्रकार इथे जास्त आढळतो, आणि वयावरून पुढचा अंदाज बांधण्याचा तिकडचा आडाखा इथे लागू पडला नाही. परदेशी पाठ्यपुस्तकात हे कुठून येणार? रेणूंचं महत्त्व मी नाकारत नाही. येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या चमूने फॉलिक आम्लाला विरोध करणारी संयुगं तयार केली नसती, तर १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांच्या हाती मुलांसाठी काहीच नसतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही मोठी गोष्ट आहे. पण तो उपचार आजार उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी आहे. तिथवर पोचण्याआधी जे दगावतात त्यांचा प्रश्न तो सोडवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: गरिबांसाठी कमी प्रतीचा उपचार, आणि त्याला संशोधनाचं नाव! हा आरोप खरा ठरला असता, जर निकाल लपवले असते. इथे उलट झालं. आपले निकाल पाश्चात्त्यांपेक्षा कमी का, हे एमसीपी-८४१ राबवणाऱ्या गटानेच मांडलं. उपचाराच्या दुष्परिणामांत आपली मुलं जास्त दगावतात, आणि निदानाला झालेला उशीरही बहुधा नडतो, असा त्यांचा निष्कर्ष.

आणि उशीर होतो तो तुझ्या अंगणात, परळला टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत नव्हे. पालम किंवा जिंतूरकडचं पोर फिकट पडतं, ताप हटत नाही, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. कुठे लोहाचं टॉनिक मिळतं, कुठे सलाईन, कुठे डेक्सा या स्टेरॉइडचं इंजेक्शन. हे शेवटचं सगळ्यांत वाईट. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या विरतात, ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि निदान आणखी अवघड होऊन बसतं. लीशमन रंगाने रंगवलेली रक्ताची एक काचपट्टी त्याआधी कुणी सूक्ष्मदर्शकाखाली धरली असती तर बहुतेकदा संशय तिथेच आला असता. पहिल्या तापापासून त्या काचपट्टीपर्यंत किती दिवस जातात, मध्ये किती दवाखाने होतात, किती जणांना आधीच स्टेरॉइड मिळालेलं असतं, हे मोजायला देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची गरज नाही. २०२३ ला सुरू झालेल्या तुमच्या परभणीच्या मेडिकल कॉलेजला तर असल्या कामाची पाटी कोरीच मिळाली आहे. आकडे लहान येतील, एका जिल्ह्याचे. नांदेड आणि लातूरची मंडळी सोबत घेतलीत तर बोलण्याजोगे होतील. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती असते. अर्जाआधी पॅथॉलॉजीच्या मॅडमना विचार, आणि नीतिसमितीच्या परवानगीला वेळ लागतो हे धरून चाल.

तुझा,
काका