भाव नंतर, भांडं आधी

जळगाव,
आषाढ वद्य दशमी

चि. पिंटूस,

परवा फोन झाला, पण ही गोष्ट फोनवर होत नाही. एक तर तू कायम घाईत, आणि शेजारी सूनबाई उभी असली की आकडे कमी करून सांगतोस. म्हणून लिहायला बसले. रविवारच्या मटणाला महिन्याच्या किराण्याइतके पैसे जातात ही तुझी तक्रार. मटण आठशेच्या घरात गेल्यावर जाणारच. पण तू दुकानात जाऊन काय म्हणतोस ते मी ऐकलंय. "एक किलो द्या भाऊ, चांगलं द्या." तुझे निम्मे पैसे या वाक्यातच जातात.

काय शिजवायचं ते घरीच ठरवून निघावं. बहुतेक दुकानांत मांसाच्या सगळ्या तुकड्यांना भाव एकच असतो. मग रश्श्यासाठी त्या भावात रानाचं, म्हणजे मांडीचं, निव्वळ मांस कशाला घ्यायचं? ते उकळून उकळून चोथा होतं आणि रस्सा फिकाच राहतो. रश्श्याला सीना, चाप, थोडी गर्दन आणि वर "दोन नळ्या टाकी दे रे भाऊ" म्हणायचं. चव हाडातून उतरते. सुकं करायचं असेल त्या दिवशी दस्त किंवा रान माग, आणि अर्धाच किलो घे. खिमा तयार ठेवलेला कधी घेऊ नकोस, समोर तुकडा दाखवून कुटायला लाव. मिक्स म्हणालास की खाटकाच्या ठोकळ्यावर जे उरलंय ते तुझ्या पिशवीत येतं. त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही उरलेलं खपवायचंच असतं.

लवकर जा, अख्खा बोकड टांगलेला असतो तेव्हा. कोवळ्याचं मांस गुलाबी आणि धागा बारीक, जुन्या जनावराचं गडद आणि जाड. जुनं वाईट नसतं, उलट त्याचा रस्सा जास्त दाट लागतो. फक्त ते कोवळ्याच्या भावात घ्यायचं नाही. चार पैसे सोडत असेल तर खुशाल घे आणि कच्च्या पपईची सालं वाटून चोळून ठेव. शहाद्याकडे पपईच्या बागाच बागा, आणि तुम्ही पोरं मॉलमधून टेंडरायझरची पूड आणता! मेंढीचंही तेच. साक्री-शिंदखेड्याच्या माळावर ठेलारी लोकांची मेंढरं हिंडतात. मेंढीच्या मटणाला चरबी जास्त, वास थोडा वेगळा, पण काळ्या मसाल्यात उतरल्यावर ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचाय. भाव कमी असेल तरच घे, बोकडाच्या भावात नको.

आता खरं सांगायचं ते. आपल्या खानदेशी रश्श्याची सगळी कारागिरी अर्ध्या किलोत आठ माणसं जेवावीत यासाठीच आहे. कांदा थेट आरावर टाकून काळा करायचा, सुकं खोबरं जळायच्या बेतात भाजायचं, दगडफूल आणि काळा मसाला घालून पाट्यावर, बरं, तुमच्या मिक्सरमध्ये, लोण्यासारखं वाटायचं. ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायला धीर लागतो. तिथे पाच मिनिटं वाचवलीस तर किलोभर मटण घालूनही रस्सा पाणचट होणार. पाणी घालायचं ते उकळतं. ताटात दादरची नाहीतर कळण्याची भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतला की माणसाला दोन फोडी पुरतात. तू मात्र हॉटेलातल्यासारखं वाडगंभर फोडी आणि वाटीभर रस्सा वाढतोस, उलटं झालं सगळं. 2019 च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या भावावरून आंदोलन पेटलं होतं, समित्या बसल्या होत्या. ते वाचून तुझे काका म्हणाले, "आपल्याकडे असं होणार नाही, आपण दोन तांबे पाणी वाढवू." थट्टा होती, पण पुरती खोटी नव्हती. महिनाअखेरीला त्याच वाटणात डुबुकवडे सोड. मटणाची आठवण येते, पण तक्रार येत नाही.

मुंडी, पाये, वजडी यांच्याकडे तुम्ही नाक मुरडता आणि तिथेच स्वस्ताई पडलेली असते. शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मिळालं तर वाच. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण आहे त्यात. जनावराचा कुठलाच भाग वाया न घालवता कसा खाल्ला, मांसाच्या चान्या उन्हात वाळवून कशा ठेवल्या, हे वाचताना कळतं की ती काटकसर हौसेची नव्हती. आपण हौसेनं करतोय, तेव्हा नखरे कमी करावेत. पाये खाटकाकडूनच भाजून, तोडून घे. वजडी गरम पाण्यात धुऊन खरवडावी लागते, वेळ जातो. सूनबाईला वास सोसत नसेल तर तू धू. खाणारा तूच आहेस.

चिकनचा हिशेब वेगळा. पाटीवर जिवंतचा एक भाव आणि कापलेल्याचा दुसरा. समज, जिवंत 140 आणि कापलेलं 220. दोन किलोचा पक्षी घेतलास तर 280 रुपये, कापून साधारण 1 किलो 400 ग्रॅम हातात येतं, म्हणजे किलोला 200 पडले. सालही काढलीस तर अजून शंभर ग्रॅम गेले, भाव 215 वर आला. तेव्हा जिवंत घेतला म्हणून फार कमाई होत नाही, कलेजी-पोटा तेवढा आपला राहतो. पैसे जातात ते बोनलेसमध्ये. सुरी घरी आहे ना? छातीचं मांस सोडवायला शीक, सांगाड्याचा रस्सा कर.

चिकनचा भाव कधी कधी भीतीनं पडतो. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला. कोंबड्या लाखांनी मारून पुरल्या, पोल्ट्रीवाले बसले. 2020 मध्ये करोनाच्या अफवेनं पुन्हा तेच, कोंबड्या फुकट वाटायची पाळी आली, आणि मटण मात्र चढलं. नीट शिजवलेल्या चिकनपासून तेव्हाही धोका नव्हता, म्हणून अफवेच्या स्वस्ताईला मी घाबरत नाही. पण झिंगलेला, पंख टाकलेला पक्षी कोणी कमी भावात देत असेल तर मागे फिर.

सगळ्यात स्वस्त पडतो तो वाटा. गिरणाकाठी आपल्या गावात धुळवडीला भाऊबंद मिळून बोकड आणायचे. बाजारात वजन नसतं, पाठीवर आणि बरगडीवर हात फिरवून अंदाज करायचा. जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण निघतं, त्यावर किंमत तोलायची. मुंडी, पाये नि चामडं कापणाऱ्याला. खळ्यात केळीची पानं मांडून वाटे घालायचे, प्रत्येक वाट्यात कलेजीचा तुकडा, चाप, चरबी, हाड सारखंच पडलं पाहिजे. तरी कुरकुर व्हायचीच. मग एका पोराला पाठ फिरवून उभं करायचं. आबा एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचे, "हा कोणाचा?" पोरगं ज्याचं नाव घेईल त्याचा. पुढे तोंड उघडायची सोय नसे. तुझ्या धुळ्याच्या देवपुरातल्या बिल्डिंगमध्ये खाणारी पाच-सहा घरं निघतीलच, विचारून बघ. बोकड दारात आणायची गरज नाही, खाटकाला आदल्या दिवशी सांगितलं की तो अख्ख्याचा भाव वेगळा लावतो.

आता गटारीचं. त्या दिवशी भाव चढा, दुकानापुढे रांग आणि खाटकाला तुझं ऐकायला वेळ नाही. दोन दिवस आधी पांझरा नदी ओलांडून गावात जा, घेऊन ये, हळद-मीठ लावून एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाक. एकदा बाहेर काढलेली पुडी परत आत जायची नाही, आणि लाइट फार वेळ गेली तर लगेच शिजव. नंतर श्रावण. कानबाईचे रोट उरकेपर्यंत तसंही आपल्याकडे काही शिजत नाही, तेवढे दिवस खिसा निवांत.

काळा मसाला किती उरलाय ते कळव. या वर्षी मिरची जरा तिखट निघाली, तेव्हा नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमी घाल. धुळ्याला जाणारं कोणी ना कोणी आठवड्यात असतंच, डबा पाठवते. मागचे दोन रिकामे डबे तेवढे त्याच्याच हाती परत दे.

तुझी,
फुई