आधी आवाज, मग चेहरा

दिवसभर कचेरीत आकड्यांशी झुंजून घरी आलो की रात्री तासभर गाणी ऐकायची, हा आमचा जुना छंद. परंतु वाचकहो, गेली दोन-तीन वर्षे मुलीच्या मोबाईलवरून एक परदेशी गायक आमच्या घरी मुक्कामाला आला आहे. त्याचे नाव चार्ली प्राईड.

अमेरिकेत ‘कंट्री म्युझिक’ नावाचा गाण्याचा प्रकार आहे. शेतकरी, मजूर, ट्रक ड्रायव्हर यांची ही गाणी. आईची आठवण, सुटलेले गाव, रेल्वे, दारू, तुटलेले प्रेम हे त्यांचे विषय. आम्हांला इंग्रजी सगळे कळते असे नाही, पण सूर कळतो. हे गाणे गोऱ्या खेडुतांचेच, असा तिकडे समज. वास्तविक त्यात वाजणाऱ्या बँजोचे मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडे जाते!

चार्ली १९३४ साली मिसिसिपी राज्यातील स्लेज येथे जन्मला. अकरा भावंडांतला एक. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. त्याने लहानपणी कापूस वेचला, पुढे बेसबॉल खेळला, मोंटानात धातू वितळवण्याच्या भट्टीवर राबला. १९६६ साली त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. रेडिओ केंद्रांकडे त्या फोटोशिवाय पाठवल्या गेल्या. आवाज लोकांना आवडला. डेट्रॉईटच्या कार्यक्रमात नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला. चार्ली मंचावर आला आणि टाळ्या विरत गेल्या. त्याने आपल्या रंगावर स्वतःच थट्टा केली, लोक हसले, आणि तो गाऊ लागला.

‘ही हॉ’ नावाचा दूरदर्शन कार्यक्रम १९६९ साली सुरू झाला. त्यात कलाकार मक्याच्या शेतातून डोकी वर काढून विनोद सांगत. त्याच्या पहिल्याच भागात चार्ली पाहुणा होता. आता मात्र चेहऱ्यासकट, घराघरांत! १९७१ साली वाहिनीने ग्रामीण ढंगाचे कार्यक्रम एकामागून एक बंद केले, त्यात ‘ही हॉ’ही गेला. परंतु प्रेक्षकांनी साथ सोडली नाही. स्थानिक केंद्रांवरून तो पुढे वीसेक वर्षे चालला. त्याच १९७१ साली कंट्री म्युझिक असोसिएशनने चार्लीला वर्षाचा सर्वोच्च कलावंत ठरवले.

जुने चाहते हे भाग आजही प्रेमाने पाहतात आणि म्हणतात, किती चांगला काळ होता! चांगला होता, पण कोणासाठी? डीफर्ड बेली हा कृष्णवर्णीय कलावंत माऊथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब धावती करी. नॅशविलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाचा तो सुरुवातीचा तारा. पण दौऱ्यावर सोबतचे गोरे कलावंत ज्या हॉटेलात उतरत, तिथे त्याला खोली मिळत नसे. १९४१ साली त्याला काढून टाकले. पुढे तो बूटपॉलिश करून जगला. १९८२ साली तो वारला आणि सन्मानांच्या दालनात त्याचे नाव लागले २००५ साली.

खोलीची ही गोष्ट वाचली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. नोकरी लागली तेव्हा आम्ही शहरात खोली शोधत होतो. दोन ठिकाणी आडनाव विचारले आणि खोली कालच गेल्याचे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी आम्ही फक्त आपले आणि वडिलांचे नाव सांगितले. खोली मिळाली. सभेत स्वाभिमानावर बोलणारे आम्ही, तिथे चार वर्षे दारावर पाटी न लावता राहिलो. घरमालक भले होते. सणाला ताट पाठवीत, आजारपणात विचारपूस करीत. ते प्रेम कोणावर होते, हे आम्हांला कधी कळले नाही.

चार्ली २०२० च्या डिसेंबरात कोरोनाने गेला. जेमतेम महिन्याभरापूर्वी त्याला जीवनगौरव मिळाला होता. परवा त्याचे गाणे लावता लावता मुलीने विचारले, “पप्पा, त्या घरमालकांना शेवटी सांगितलंत का?”

आम्ही नाही म्हणालो. टाळ्या थांबतील हे ठाऊक असून चार्ली मंचावर आला. आम्ही पडद्याआडूनच घर सोडले.