सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रिया



पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात सवडीने पाहावे असे एक चित्र आहे: झाँ-फ्रान्स्वा मिले याने १८५७ साली रंगवलेले ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’. सोंगणीनंतर शेतात मागे राहिलेल्या लोंब्यांना सरवा म्हणतात. तो वेचण्याची मुभा फ्रान्समध्ये जुन्या रिवाजाने गोरगरिबांना असे, मात्र दिवस मावळण्यापूर्वी त्यांना शेत सोडावे लागे.

मिले (१८१४–१८७५) हा नॉर्मंडीतल्या शेतकरी कुटुंबातला. तरुणपणी त्याने स्वतः शेतात राबून पाहिले होते आणि १८४९ पासून तो फोंतेनब्लोच्या अरण्यालगत बार्बिझाँ या गावी राहत होता. त्यामुळे श्रमाची लय त्याने अचूक पकडली आहे: एक स्त्री वाकून हात पुढे नेते, दुसरी काडी उचलते, तिसरी कंबर अर्धवट सरळ करते, आणि तिघींना मिळून पाहिले की एकाच बाईचा सबंध दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. डोक्याला निळे फडके बांधलेल्या स्त्रीचा एक हात पाठीवर मुडपलेला असून त्या मुठीत वेचलेल्या काड्यांची बारीकशी जुडी आहे.

मागे, सोनेरी उन्हात, उंच गंज्या, पेंढ्यांनी भरलेली गाडी, कापणीची लगबग आणि उजव्या कडेला घोड्यावर बसलेला मुकादम दिसतो. परंतु ही सारी समृद्धी मिलेने दूर व लहान ठेवली आणि ज्यांचा त्या समृद्धीत वाटा नाही, त्या स्त्रियांना पुढे आणून भरदार आकार दिला. त्यापूर्वीच्या गोपचित्रांत, म्हणजे ग्रामजीवन निवांत व रम्य दाखवणाऱ्या चित्रांत, दारिद्र्य बहुधा शोभेपुरते असे. म्हणूनच सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात, हे चित्र लागताच १८४८ ची क्रांती न विसरलेल्या काही टीकाकारांना त्यात बंडाची चाहूल लागली. वास्तविक चित्रात कोणीही हात उगारलेला नाही. तिघींची नजर जमिनीवरच खिळलेली आहे, आणि क्षितिजाची रेषा त्यांच्या पाठींवर जणू ओझ्यासारखी टेकली आहे.

चित्रापुढे उभे राहिल्यावर आधी गंज्या पाहाव्यात, मग पाठीवरची ती मूठ पाहावी. चित्रकाराला जे म्हणायचे होते, ते या दोहोंमधल्या अंतरात आहे.