जंगलातला मुक्काम आणि गार पडणारी बोटे

रेनॉच्या विकारात थंडी लागताच हातापायांच्या बोटांतील बारीक रक्तवाहिन्या एकदम आकसतात. बोटे आधी पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब परतली की लाल होऊन ठणकतात. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. या विकाराला बर्फ लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत भामरागड, एटापल्ली किंवा ताडोब्याच्या बाजूला पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, काही रात्री त्याच्याही खाली. प्रस्तुत लेखकाच्या बोटांना एवढे पुरते. अशा पहाटे तंबूची चेन डोळ्यांना दिसते, पण चिमटीत आली की नाही हे बोटांना कळत नाही. शेवटी ती दातांनी ओढावी लागते.

जागेची निवड रात्र ठरवते. निरभ्र आकाशाखाली जमीन झपाट्याने निवते आणि गार हवा जड असल्याने उताराने नाल्याकडे, नदीकडे जाऊन साचते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम दिवसा सोडवत नाही. पहाटे मात्र काठ धुक्याने भरतो आणि दवाने तंबू आतूनही ओला होतो. काठापासून थोडे वर, झाडांच्या आडोशाला मुक्काम करावा. वाघाच्या मुलखात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, ठोकूही नये. वनविभागाने किंवा गावाने दाखवलेल्या जागेतच हा उंचसखलपणा पाहायचा असतो.

झोपलेल्या माणसाची ऊब खालूनही जाते, आणि नवखे लोक नेमके तेच विसरतात. या भागातले जागलीला जाणारे शेतकरी विसरत नाहीत. धान कापून पुंजणे रचले की रानडुकरांपासून राखण करायला ते शेतावरच रात्र काढतात. मांडवात आधी तणीस पसरायचे, तेही अंगाखाली दबल्यावर वीतभर उरेल इतके. त्यावर रिकामी पोती आणि मग वाकळ. पांघरुणावर पांघरूण चढवणाऱ्या प्रस्तुत लेखकाला अशाच एका जागल्याने सुनावले होते, ‘‘आंगावर काहून लादता जी, खाली टाका ना!’’ सल्ला शास्त्राला धरून आहे. तणसाच्या पोकळ काड्यांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही. महागड्या स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाच्या वजनाने चेपला की तिथली हवा निघून जाते. म्हणून तिच्याखालीही चटई, पोते, काहीतरी हवेच.

पाय गार पडले की पायांवरच मोजे चढवत जाणे हा दुसरा घोळ. धड गारठू लागले की शरीर बोटांचा रक्तपुरवठा कमी करून आतली ऊब राखते. तेव्हा बनियन, स्वेटर आणि कानटोपी अंधार पडण्याआधीच घालावी. बोटे पांढरी पडल्यावर घालून उपयोग उशिरा होतो. मोजे सैल, लोकरीचे आणि कोरडे असावेत. दोन घट्ट जोड रक्त अडवतात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मांड्यांमध्ये धरली तर ऊब मोठ्या रक्तवाहिन्यांतून पुढे जाते.

शेकोटीचा भरवसा जपून धरावा. बधिर पायांना चटका कळत नाही. मधुमेहींना तर फोड आल्याचे सकाळी दिसते. निखाऱ्यांची घमेली तंबूत कधीच नेऊ नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राखीव जंगलात परवानगीवाचून विस्तव करणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे.

खर्रा मात्र शेकोटीपेक्षा वाईट. थंडीत जागे राहायला दोन्ही जिल्ह्यांत तो सर्रास चघळला जातो, आणि त्यातल्या तंबाखूचे निकोटीन रक्तवाहिन्या आणखी आवळते. मोहाच्या दारूने उलटे होते: त्वचेकडे रक्त धावते, गरम वाटते आणि अंगातली ऊब बाहेर निघून जाते.

सिकलसेल असणाऱ्यांनी, आणि पूर्व विदर्भात ते पुष्कळ आहेत, ही थंडी अधिक गांभीर्याने घ्यावी. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसल्या की अशा रुग्णांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. एकच बोट पुन्हा पुन्हा पांढरे पडत असेल, टोकाला जखम होऊन भरत नसेल, किंवा ऊब देऊनही रंग परतत नसेल, तर मुक्काम आवरून दवाखाना गाठावा. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांतून तो लांब पडतो, म्हणून गाडीची सोय आदल्या दिवशीच करून ठेवावी.