फाल्गुनांतील तापी आणि मरळ मासा

मथळा वाचून आमच्या वाचकांपैकीं कित्येक वडील मंडळी चष्मा कपाळावर सरकवून म्हणतील, "मास्तरांस उतारवयांत हें काय सुचलें!" ज्या घरांत एकादशीचा उपास चुकत नाहीं, ज्या घरीं मासळीचें नांवही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडीत नाहीं, त्या घरच्या माणसानें मासेमारीवर लेख लिहावा, हें जरा विचित्रच. आमच्या सारस्वत वाचकांस अर्थात् यांत कांहींच विचित्र वाटणार नाहीं. उलट मास्तरांस आतां कोठें शहाणपण येऊं लागलें, असेंच ते म्हणतील. दोघांसही आमचें उत्तर एकच आहे. नदीचें माहात्म्य आम्हीं जन्मभर पोथींत वाचलें आणि घाटाच्या पायरीवरून पाहिलें. परंतु त्या पाण्याच्या आंत कोण राहतें आणि त्या पाण्यावर कोणाचें पोट चालतें, हें पायरीवरून दिसत नाहीं. त्यासाठीं होडींतच बसावें लागतें.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, त्यांच्यापलीकडे नर्मदा, आणि अलीकडे तापीच्या खोऱ्याचें काळ्याभोर मातीचें मैदान, अशी याची ठेवण आहे. या मैदानांत शहादा तालुक्यांत कळसाडी नांवाचें गांव आहे. तेथें आमचे एक जुने विद्यार्थी शेती करतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही फाल्गुनाच्या आरंभीं तेथें जाऊन राहिलों. हा महिना या मुलखांत फार शोभेचा. गव्हाची कापणी चाललेली, ऊस व पपईचे मळे हिरवे, आणि डोंगराच्या बाजूस पळस पेटलेला. होळीपूर्वींचे भोंगऱ्या बाजार भरूं लागलेले. त्यांत डोंगरांतील स्त्रीपुरुष चांदीचे दागिने घालून, ढोल वाजवीत उतरतात. पुढें अक्कलकुवा तालुक्यांत काठी येथील राजवाडी होळी पेटते, तिची कीर्ति सर्वांस ठाऊकच आहे. आमचे यजमान म्हणाले, "गुरुजी, देवळें तर आपण नेहमींच पाहतां. या खेपेस नदी दाखवतों."

ही नदी म्हणजे तापी. मध्यप्रदेशांत मुलताई येथें उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेस वाहणारी ही नदी पुराणांत सूर्यकन्या म्हणून प्रसिद्ध आहे. महाभारतांत सूर्याची कन्या तपती हिचा विवाह संवरण राजाशीं झाला आणि तिच्याच पोटीं कुरु जन्मला. तेव्हां कौरव-पांडवांचें मूळ एका परीनें या पाण्यापाशीं येतें. शहाद्याहून नंदुरबारकडे जातांना वाटेंत प्रकाशें लागतें. तेथें गोमाई नदी तापीस मिळते. काठावर केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर आदि महादेवाचीं स्थानें आहेत, आणि खानदेशांतील लोक या क्षेत्रास दक्षिण काशी म्हणतात. परंतु क्षेत्र होण्याच्या कितीतरी आधीं येथें वस्ती होती. सन १९५४-५५ मध्यें पुरातत्त्व खात्याच्या थापर यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां थेट ताम्रपाषाणयुगापर्यंतचे थर सांपडले. साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या माणसानें ही जागा निवडली, ती नुसतें पिण्याचें पाणी पाहून खास नव्हे.

आजची तापी मात्र पोथींतल्यासारखी धांवत नाहीं. सन १९७२ मध्यें गुजराथेंत उकाई येथें धरण पुरें झालें, आणि त्याचा फुगवटा आपल्या हद्दींत येऊन ठेपला. पुढें सारंगखेडें व प्रकाशें येथें बॅरेजें झालीं. पूर्वीं माघ-फाल्गुनांत नदी डोहाडोहांत तुटत असे. आतां कित्येक मैल पाणी उभें असतें. शेतकऱ्यास याचा लाभ आहे, आणि आम्ही त्यास नांवें ठेवणार नाहीं. पण पाण्याचा स्वभाव बदलला म्हणजे पाण्यांतले रहिवासीही बदलतात, ही गोष्ट आम्हांस होडींत बसल्यावर उमगली.

होडी ती केवढी! दोन माणसें आणि एक पोर बसलें कीं भरली. बूड सपाट, अंग पत्र्याचें, आणि वल्हवण्यास एकच वल्हें. पूर्वीं एकाच झाडाचें खोड कोरून होडी करीत, तिला डोण म्हणत. संस्कृतांतील ‘द्रोणी’ हा शब्द तो हाच. आज तसें खोडही मिळत नाहीं आणि तें कोरणारा हातही. आमचा नावाडी सत्तरीचा भोई होता. गांवांत त्यांस सर्व नाना म्हणतात, आम्हीही तसेंच म्हणालों. बरोबर त्यांचा सोळा-सतरा वर्षांचा नातू होता. त्यांची बोली अहिराणी. तिचा गोडवा उतरविणें आम्हांस जमणार नाहीं, म्हणून आम्ही त्यांचें बोलणें आपल्या भाषेंतच देतों.

पहांटे निघालों तेव्हां पाण्यावर धुकें होतें आणि शालही पुरत नव्हती. नाना काठाकाठानें, बोरूच्या बेटांच्या व जलपर्णीच्या कडेनें होडी नेत होते. वल्हें पाण्यांत शिरतांना आवाज होऊं देत नव्हते. "मधल्या खोल पाण्यांत आज कांहीं नाहीं, गुरुजी," ते म्हणाले. "थंडीभर मरळ खालीं सुस्त पडून असतो. फाल्गुन लागला, ऊन कडक झालें, कीं काठचें उथळ पाणी आधीं तापतें. मग तो वर येतो. त्याला भूक लागते."

हा मरळ मासा मोठा चमत्कारिक प्राणी आहे. डोकें सर्पासारखें चपटें व खवल्यांनीं मढलेलें, अंग लांबट, पाठ काळसर. संस्कृतांत यास शकुल म्हणतात. बंगाली लोकांचा ‘शोल’ तो यावरूनच. वाहतें पाणी त्यास फारसें मानवत नाहीं, उभें व गवताळ पाणी आवडतें. कल्ल्यांखेरीज हवा घेण्याची सोय त्याच्या डोक्यांत असते. मधून मधून वर येऊन त्यास हवेचा घोट घ्यावाच लागतो, इतका कीं पाण्याखालीं जाळ्यांत अडकला तर मासा असूनही बुडून मरतो! उलट ओल्या फडक्यांत किंवा थोड्या पाण्याच्या घागरींत तो तासन् तास जिवंत राहतो. त्यामुळें बाजारांत तो जिवंतच विकला जातो, आणि आजाऱ्यास शक्ति देणारा म्हणून त्यास भावही चांगला येतो.

त्यास पकडण्याची रीत अशी. बळकट दोरीस गळ, गळास लहानशी जिवंत बेडकी. ती बेडकी गवताच्या कडेस अलगद टाकावयाची आणि टिचक्या देत ओढावयाची. गळास बेडकी लावतांना आम्हीं तोंड फिरविलें. नातू गालांत हंसला. पाव घटका गेली. पाण्यावर एक बुडबुडा आला, फुटला. नानांनीं बोट दाखविलें. नातवानें त्याच्या पुढें हातभर अंतरावर बेडकी टाकली. दुसऱ्याच क्षणीं पाणी उसळलें, दोरी ताठ झाली, आणि होडी एका अंगास कलली. पोरानें घाई केली नाहीं. माशास दमवून दमवून ओढलें. तो मासा आमच्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत सहज भरला असता.

आमच्यासारख्या पोथीनिष्ठास येथें एका ग्रंथाची आठवण न होती तरच नवल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा विश्वकोशवजा ग्रंथ रचविला. त्यांत राजाच्या करमणुकींपैकीं एक म्हणून ‘मत्स्यविनोद’ हें प्रकरण आहे. माशांच्या जाति, त्यांचीं राहण्याचीं ठिकाणें, कोणत्या माशास कोणतें खाद्य घालावें, गळ व दोरी कशी असावी, हें सारें त्यांत दिलें आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं सन १९५१ मध्यें त्यावर लेख लिहून हें ज्ञान जगापुढें आणिलें. गळाचा नाद साहेब लोकांनीं येथें आणला अशी पुष्कळांची समजूत आहे, ती यावरून दूर व्हावी. फरक इतकाच, कीं राजास ती करमणूक होती; नानांस ती भाकरी आहे.

ऊन वर आलें तेव्हां नाना एका लहानशा खाडीसारख्या जागेपाशीं थांबले. तेथें गळ टाकूं दिला नाहीं. "हें मरळाचें बाळंतघर," ते म्हणाले. उन्हाळा सरतां सरतां व पावसाच्या तोंडाशीं नरमादी मिळून अशा जागीं गवत बाजूस सारून स्वच्छ अंगण करतात. मादी अंडीं घालते, तीं पाण्यावर तरंगतात. एका-दोन दिवसांत पिलें फुटतात. पिलांचा तांबूस पुंजका पाण्याच्या पृष्ठाशीं फिरत असतो आणि त्याच्या खालीं मायबाप राखण करीत असतात. पिलें हवा घेण्यास वर येतात तेव्हां पाणी उकळल्यासारखें दिसतें. माणसास तें लांबूनही ओळखतां येतें. आणि येथेंच घात होतो. पुंजक्यावर कांहींही टाकलें तरी बाप त्यावर झडप घालतो. भुकेनें नव्हे, रागानें. त्यास पकडणें म्हणजे पोरखेळ. राखणदार गेला कीं घटकाभरांत इतर मासे ती सारी पिलें फस्त करतात.

"माझ्या बापानें पुंजक्यावर गळ टाकला नाहीं, मींही टाकला नाहीं," नाना म्हणाले.

नातू इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आबा, तुम्ही सोडतां आणि पलीकडच्या काठचा धरून नेतो. जाळ्याचे पैसे अजून फिटले नाहींत. तीं पिलें मोठीं होऊन आपल्याच गळास लागतील, असें कोणी लिहून दिलें आहे?"

नानांनीं उत्तर दिलें नाहीं. ते होडी वळवूं लागले. आम्हांसही चटकन् उत्तर सुचलें नाहीं, आणि चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत घालविलेल्या माणसास तें जाणवल्यावांचून राहिलें नाहीं. ‘मोठा मासा लहानास खातो’ या मत्स्यन्यायाचे दाखले आम्ही वर्गांत देत आलों. त्याच पाण्यांत पिलांसाठीं जिवावर उदार होणारा मासाही राहतो, हें मात्र आम्हीं कधीं सांगितलें नव्हतें.

हा प्रश्न एकट्या तापीचा नाहीं. उत्तर अमेरिकेंत बास नांवाचा मासा आहे. वसंताच्या आरंभीं सरोवराचें काठचें पाणी तापूं लागलें कीं त्याचा नर उथळ जागीं वाळूंत घरटें करतो, अंड्यांवर शेपटीनें वारा घालतो आणि पिलें राखतो. तिकडील हौशी लोक कनू नांवाच्या निमुळत्या होडींतून निःशब्द जाऊन त्याच दिवसांत त्यास गळाला लावतात. पुष्कळजण मासा पुन्हा सोडूनही देतात. परंतु तो तेवढा वेळ घरट्यापासून दूर गेला तरी इतर मासे अंडीं खाऊन टाकतात, हें तेथील शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. म्हणून कित्येक प्रांतांत त्या दिवसांत बासची शिकार कायद्यानें बंद असते. आपल्याकडे समुद्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस बंदी आहे, ती याच हेतूनें. नदीवर मात्र कागदावरचा नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास प्रत्येक वळणावर शिपाई कोठून आणावा? तेथें गांवाचा एकोपाच खरा. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांत देवीचे म्हणून मासे कोणी मारीत नाहीं. तेथें शिपाई नाहीं, श्रद्धा आहे. आणि ती एकट्यादुकट्याची नसून साऱ्या गांवाची आहे, म्हणून टिकली आहे.

सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेवर हाच प्रश्न अधिक बिकट झाला आहे. सरदार सरोवरानें आपल्या राज्यांतील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें बाधित केलीं, १३८.६८ मीटर उंचीचें तें धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. बाधितांपैकीं कांहींजण तळोदा-शहाद्याच्या मैदानांत वसले, कांहीं काठावरच उंच सरकले. ज्यांचे वाडवडील नांगर धरीत त्यांच्या मुलांनीं जाळें धरलें, सहकारी मत्स्यसंस्था काढल्या. वाहत्या पाण्याचा राजा जो महाशीर, जो मध्यप्रदेशाचा राज्यमत्स्य आहे, तो उभ्या पाण्यांत रमत नाहीं. त्याच्या जागीं कटला, रोहू आदि माशांचें बीज सोडावें लागतें. त्या विस्तीर्ण पाण्यावर होडी चालविणेंही सोपें नाहीं. सन २०१९ च्या मकरसंक्रांतीस तेथें यात्रेकरूंची होडी उलटून माणसें दगावलीं. जमीन गेलेल्या माणसास पाणी तरी निर्विघ्न मिळावें, आणि त्या पाण्यांतलें उद्यांचें पीक आजच कोणी उपटूं नये, एवढीच त्यांची मागणी असेल तर ती फार नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरांतून वकील, अधिकारी, प्राध्यापक निघतात. त्यांपैकीं कोणास या खात्याशीं संबंध येईल, कोणास जिल्ह्याच्या कचेरींत बसावें लागेल. नातवाचा प्रश्न आम्ही त्यांच्या स्वाधीन करितों. पलीकडचा काठ बांधील नसेल तर अलीकडच्या काठानें किती दिवस नेम पाळावा? दोन्ही काठच्या भोयांस एकत्र बसवून, राखणीचे दिवस व राखणीच्या जागा त्यांच्याच तोंडून ठरवून घेतल्या, आणि त्या दिवसांची त्यांची चूल पेटती ठेवण्याची सोय केली, तर नानांचा नेम पुढल्या पिढींत टिकेल असें आम्हांस वाटतें. नुसता उपदेश केल्यानें तो टिकणार नाहीं.

प्रकाशास जाणें कठीण नाहीं. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार स्टेशन आहे. तेथून शहाद्याकडे जाणाऱ्या एस.टी.नें प्रकाशें गांठतां येतें. केदारेश्वराचें दर्शन अवश्य घ्यावें. मग एखाद्या भोयास योग्य ती मजुरी देऊन, मुलांबाळांसह तासभर काठाकाठानें फिरावें. मासा धरलाच पाहिजे असें नाहीं. पाण्यावर बुडबुडा कोठें येतो, तेवढें मुलांस पाहूं द्यावें.