गोफणीतून सुटलेली भैरवी

रोहिणीची एखादी सर पडून गेली की कामथडीच्या शिवारात रात्री ढेकळांचा वास उठतो. महामार्गाकडे पाठ करून बांधावर बसावं. ट्रकांची घरघर कानाआड व्हायला थोडा वेळ लागतो. पश्चिमेला राजगडाच्या अंगाचे डोंगर, पूर्वेला पुरंदरकडचे. दक्षिणेकडे ज्येष्ठा लालसर तेवत असते. तिच्यावरून नजर वर सरकवत माथ्यापर्यंत आणावी. मध्यरात्र उलटून तासभर झाला की भुजंगधारी तारकासमूहाच्या काळोख्या कोपऱ्यातून व्हॉयेजर-१ हे अंतराळयान कामथडीच्या जवळजवळ डोक्यावरून जातं. दिसत काहीच नाही. हात मात्र जोडले जातात.

ज्वारीच्या राखणीला मीही माळ्यावरून गोफण फिरवली आहे. कितीही जोर लावला तरी दगड शेवटी कुणाच्या तरी ताटांत पडायचा. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, आणि तेवढ्यानं सुटतं ते नुसतं अंगण. सूर्याचं शिवार उरतंच. पृथ्वीच्या कक्षेपासून ते ओलांडायला ४२ किलोमीटर हवेत. त्यातले ३०च्या आसपास पृथ्वीच्या स्वतःच्या धावेतून मिळतात, पण उरलेल्याला अग्निबाण पुरा पडला नाही. ती तूट गुरूनं भरली. ५ मार्च १९७९ रोजी यान गुरूजवळून वळलं आणि धावत्या गुरूनं त्याला गोफणीसारखं भिरकावलं. बदल्यात गुरूची चाल मंदावली, कुठल्याच मापात न येण्याइतकी. देणाऱ्याचं नाव गुरूच असावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

ओढ तोडणाऱ्या वेगाला शास्त्राच्या मराठी पुस्तकात मुक्तिवेग म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याला दंडवत. पण मुक्त झालेल्या यानालाही सूर्य अजून ओढतोच आहे. ओढ संपत नाही, परत आणायला अपुरी पडते इतकंच. २५ ऑगस्ट २०१२ रोजी यान सौरवाऱ्याची वेस ओलांडून गेलं. आजही ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर चालतं. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जवळपास पोचायला त्याला ४०,००० वर्षं लागतील.

त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात आपल्या मराठीतला नमस्कार आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी: ‘जात कहाँ हो’. यान उडालं ५ सप्टेंबर १९७७ला. १६ तारखेला केसरबाई गेल्या. आपल्याकडे भैरवीनं मैफल संपते. हा प्रवासी ती घेऊनच निघाला.

वीसेक वॅटची त्याची हाक इथवर यायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. म्हणजे काल रात्री साधारण याच वेळी, हेच शिवार त्याच्याखाली असताना निघालेली हाक आत्ता या ओल्या ढेकळांवर उतरत असेल. ओढ्याकडे टिटवी ओरडते. मी बांधावरून उठत नाही.